मामाचे धोटे

गिरणीच्या जुन्या दिवसांबद्दल विचारायला अधूनमधून कोणी तरी माझ्याकडे येतं. हातात वही, चेहऱ्यावर आदर. त्यांना माझ्या तोंडून एकच गोष्ट ऐकायची असते: गिरणी आली, भोंगा वाजला, खेड्यापाड्यांतली माणसं शहरात येऊन एका छपराखाली उभी राहिली आणि हळूहळू जात विसरली. मी दोन-तीनदा तसं सांगितलंही. ते खूश होऊन गेले, मीही चहा पाजून पाठवलं. आता मात्र वय झालं आहे आणि तेच ते खोटं बोलायचा मला कंटाळा आला आहे. आमच्या गिरणीत जात कुठे राहत होती ते मला पक्कं ठाऊक आहे. ती धोट्याच्या भोकात राहत होती.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं. गिरणीमुळे फुगलेलं, म्हणून स्वतःला शहर म्हणवून घेणारं. स्टेशन, जिनिंग, कापसाच्या गाड्या आणि सगळ्यांच्या डोक्यावर गिरणीचं धुराडं. रुळांच्या अलीकडे आमचा कोष्टीपुरा, पलीकडे महारांची वस्ती. फाटकाजवळच्या हॉटेलात सगळे एकाच बाकावर बसत, कारण तसा कायदा झाला होता. हॉटेलवाल्यानं कायदा पाळला आणि कान तुटलेले चार कप वेगळ्या फळीवर ठेवले. ते कप कोणासाठी आहेत हे कोणाला सांगावं लागत नसे. आम्ही सगळे ते बघत होतो आणि चहा पीत होतो.

मी विणाई खात्यात होतो. ते काम कसं चालायचं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मागावर आडवं सूत भरतो तो धोटा. दोन्ही टोकांना निमुळता, गुळगुळीत लाकडाचा. त्याच्या पोटात सुताची कांडी बसते. कांडी संपली की माग थांबवायचा, नवी कांडी घालायची आणि तिचं टोक धोट्याच्या कडेच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. बोटांनी ते निघत नाही. म्हणून विणकर भोकाला ओठ लावतो आणि श्वास आत ओढतो. सूत जिभेवर येतं, ते दातांनी धरून बाहेर काढायचं आणि माग सुरू करायचा. एका पाळीत हे शेकडो वेळा. तारेचा आकडा घालूनही सूत काढता येतं, पण तितक्या वेळात शेजाऱ्याचा माग हातभर कापड पुढे जातो.

सकाळी सातला पहिली पाळी लागे, दुपारी साडेतीनला दुसरी. माग तेच, धोटेही तेच. सकाळी मी ज्या भोकाला ओठ लावत असे, त्याला आदल्या पाळीत दुसऱ्या कोणाचे ओठ लागलेले असत. त्या लाकडावरून माणूस काय खाऊन आला होता हे कळे. कांदा, तंबाखू, कधी सुपारी. त्याची किळस कोणाला येत नसे, कारण सगळे आपले. बहुतेक कोष्टी, थोडे तेली-कुणबी. महारांना मात्र विणाईत घेत नसत. ते कताईत, धुळीत, सूत काढायला. त्यांच्या हातांतून निघालेलं सूत आम्ही दिवसभर जिभेवर घेत होतो, त्याचा विटाळ कसा होत नव्हता, हे मी एकदा खात्यात विचारलं होतं. जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, म्हणाला, गप काम कर.

मला या कामाला लावलं ते माझ्या मामानं. माझे वडील मी लहान असतानाच गेले. आईचा हा भाऊ. त्यानंच मला वाढवलं, त्यानंच मागावर उभं केलं. पहिल्या दिवशी त्यानं धोटा माझ्या तोंडाशी धरला आणि म्हणाला, ओढ. मी इतक्या जोरानं ओढलं की सूत घशात गेलं आणि खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. मामा हसला. पुढे आम्हाला एकाच जोडीचे दोन माग मिळाले. सकाळी मी, दुपारनंतर मामा. साडेतीनला तो यायचा, मागाच्या चौकटीवर हात ठेवायचा आणि मी बाजूला व्हायचो. असं किती वर्षं चाललं.

मग एका सकाळी मी धोट्याला तोंड लावलं आणि ते खारट लागलं. उजेडाकडे धरून बघितलं तर भोकाच्या कडेला लाकूड तांबूस झालेलं. जॉबर येत होता, माग उभा होता. मी धोतराच्या सोग्यानं भोक पुसलं आणि पुन्हा ओठ लावले. तो सबंध दिवस मी थुंकत काढला.

दुपारी मामा आला तेव्हा मी त्याला दाराबाहेर नळाशी नेलं आणि विचारलं. त्यानं नाकबूल केलं नाही. दोन महिने झाले, म्हणाला. सकाळी खोकला येतो आणि कधीकधी लाल पडतं. त्याच्या घरात मामी आणि दोन मुली, आणि गिरणीच्या डॉक्टरला क्षय दिसला की माणसाचा बिल्ला काढून घेत. तो इकडेतिकडे बघून हळू आवाजात बोलला.

"कोनाले सांगू नको, बाबू. डॉक्टरनं छातीले नळी लावली का मी संपलो."

मी सांगितलं नाही. पण खात्यात अशी गोष्ट लपत नाही. लोकांनी मामाच्या हातची चिमूट तंबाखू घेणं बंद केलं. त्याच्या शेजारी डबा उघडणारे दुसरीकडे सरकले. तोंडानं कोणी काही बोललं नाही, कारण मामा आपला होता, आणि आपल्या माणसाला खायचे वांधे आणायचे नसतात. शिवाय त्याच्या धोट्याला तोंड लावायचं होतं ते फक्त मला. माझी बायको तेव्हा पोटुशी होती. मी घरी तिच्यापासून लांब निजू लागलो, ती रुसली, आणि मी तिला कारण सांगू शकलो नाही. रोज सकाळी सातला मी धोटा हातात घ्यायचो तेव्हा मला मामाचा राग यायचा. ज्या माणसानं मला वाढवलं त्याचा मला राग यायचा, हे लिहिताना आजही जिवावर येतं, पण तसंच होतं.

नागपूरला धर्मांतर झालं त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. रुळांपलीकडची वस्ती बौद्ध झाली होती. ती माणसं आता ताठ चालत होती, आणि त्याचाच आमच्याकडच्या पुष्कळांना त्रास होत होता. त्यांच्या तरुणांनी अर्ज केला की विणाईत आम्हालाही घ्या. सरकारचा लेबर ऑफिसर आला, त्यानं कागद बघितले आणि गिरणीला विचारलं की ही बंदी कुठे लिहिली आहे ते दाखवा. लिहिलेली कुठेच नव्हती. मग हुकूम निघाला, पुढच्या महिन्यापासून एक माणूस घ्या.

तो माणूस मला तोंडओळखीचा होता. कताईत दहा वर्षं काढलेला, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, उंच, हाडापेरानं मजबूत. मूळचा देवळीकडचा. त्याचा बाप खेड्यात हातमागावर जाडेभरडे पंचे विणत असे, म्हणजे विणणं आमच्याइतकंच त्याच्या रक्तात होतं. हे मला पुढे कळलं. त्या वेळी आम्हाला एवढंच दिसत होतं की तो धोट्याला तोंड लावणार आणि मग दुसऱ्या पाळीत आपल्यापैकी कोणाला तरी त्यालाच तोंड लावावं लागणार.

रविवारी कोष्टीपुऱ्यात देवळापुढे सगळे विणकर जमले. कोणी म्हणालं, संप करू. कोणी म्हणालं, त्याला आकडा वापरायला लावा. ऑफिसरला तेही विचारून झालं होतं. आकडा वापरायचा तर सगळ्यांनी, त्यानं एकट्यानं नव्हे, असं त्याचं उत्तर होतं, आणि सगळ्यांनी आकडा वापरायला आमची तयारी नव्हती. हुकूम मोडला तर गिरणी टाळं लावील ही भीती होती. त्याच्या जोडीला कोण जाणार, असं पंचांनी विचारलं तेव्हा सगळे जमिनीकडे बघू लागले.

तेव्हा मी बोललो. मी सहसा चारचौघांत बोलत नसे. मी म्हणालो, माझे माग त्याला द्या, सकाळची पाळी. मी समोरच्या ओळीत जातो. दुपारी मामा आहेच. मामाचं मन मोठं आहे, तो नाही म्हणायचा नाही.

मग वडील पंचांनी माझ्याकडे बघितलं, मामाकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. सगळ्यांनाच एकदम सुटल्यासारखं झालं. ज्यांच्या जोडीला कोणी जायला तयार नव्हतं असे दोघं होते, आणि मी त्यांना एकमेकांच्या पदरात टाकलं होतं. कोणी तरी म्हणालं, वा, याला म्हणतात माणुसकी. माना डोलल्या. मामा माझ्याकडे बघत राहिला. तो नाही कसा म्हणणार होता? नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न त्याच्या खोकल्याचाच आला असता. त्यानं मान हलवली आणि खाली घातली.

यावर जे झालं ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. वर्ध्याहून खादीतले एक पुढारी आले. गिरणीच्या फाटकाशी लहानसा मांडव घातला. जुन्या रूढीवर पहिला घाव घालणारा कामगार म्हणून त्यांनी मामाच्या गळ्यात सुताचा हार घातला आणि भाषण केलं. मामाला खोकला येत होता, तो दाबून तो उभा राहिला. शेजारी तो नवा माणूस होता, पांढरा धुतलेला सदरा घातलेला. त्याच्या बायकोनं लहान मुलीला कडेवर घेतलं होतं आणि ती लांबून बघत होती. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

तो खात्यात आला त्या दिवशी सगळ्यांची नजर त्याच्यावर होती. मी समोरच्या ओळीत होतो, मला तो पाठमोरा दिसत असे. पहिली कांडी संपली. त्यानं नवी घातली, धोटा वर उचलला, आणि थबकला. मग ओठ लावले. त्याला सूत एका दमात आलं. माग सुरू झाला आणि दिवसभर असा चालला की खात्याचा मास्तर दोनदा येऊन कापड बघून गेला. साडेतीनला मामा आला. त्यानं मागाच्या चौकटीवर हात ठेवला, जसा माझ्या वेळी ठेवत असे तसाच. कांडी बदलायची होती. मामानं सगळ्यांदेखत धोटा तोंडाला लावला. तो माणूस तिथेच उभा राहून बघत होता, आणि त्याचे डोळे भरून आले.

रोज पाळी संपायच्या आधी तो एक गोष्ट करी. डब्यातल्या पाण्यानं धोटे धुई, भोकाच्या कडा घासून काढी आणि घरून आणलेल्या स्वच्छ फडक्यानं पुसून ओळीनं ठेवी. मामाला कसंसं वाटू नये म्हणून. आमच्या खात्यात आजवर कोणी कोणासाठी धोटा धुतला नव्हता. मामा तेच धोटे घेई, पाळीभर खोके, आणि तसेच ठेवून जाई. सकाळी तो नवा माणूस येऊन त्यांना तोंड लावी. मी माझ्या ओळीतून बघत असे.

माझं नवं जोडीदार पोरगं धडधाकट होतं. मी बायकोजवळ निजू लागलो. आम्हाला मुलगा झाला.

मामाच्या जोडीला आलेल्या त्या माणसाशी माझी ओळख वाढली ती आपसूक. मधल्या सुट्टीत तो दाराशी बसे, मीही तिथे जाई. तो मला भाऊ म्हणे आणि तुमी म्हणून बोले. मी वयानं लहान असून त्याला तू म्हणत होतो. ते दोघांनाही खटकत नव्हतं, निदान मला तरी नाही. बापाच्या हातमागाचं तो बोलायचा. मुलीला शाळेत घातलं आहे, ती पाटीवर नाव काढते, हे सांगायचा. आणि मामाबद्दल बोलायचा. इतक्या माणसांत एकच माणूस निघाला, असं तो म्हणे. मी बिडी पेटवत असे.

पाच-सहा महिन्यांनी असंच बसलेलो असताना त्यानं विचारलं.

"भाऊ, एक इचारू? मामाले हा खोकला कायचा हाये?"

हा माझा क्षण होता. याहून सरळ प्रश्न माणूस विचारू शकत नाही. मी एक शब्द बोललो असतो तर त्यानं त्याच दिवशी आकडा घेतला असता, किंवा ऑफिसरकडे गेला असता, किंवा काहीही केलं असतं. निदान त्याचं त्यानं ठरवलं असतं. पण ऑफिसरकडे गेला तर मामाचा बिल्ला जाणार, आणि हे माहीत असून त्याला तिथे कोणी उभा केला ते विचारलं जाणार. माझं नाव निघणार. हे सगळं माझ्या डोक्यातून बिडीच्या एका झुरक्यात गेलं.

"तंबाखूचा," मी म्हणालो. "लहानपनापासूनचा हाये."

त्यानं मान हलवली. त्याच आठवड्यात तो गावाकडून अडुळशाचा पाला घेऊन आला, घरी काढा करून बाटलीत भरला आणि साडेतीनला मामाच्या हातात दिला. मामानं बाटली घेतली. घरी नेऊन त्यानं ती कोनाड्यात ठेवली आणि कधी उघडली नाही. मामीनं विचारलं तर म्हणे, राहू दे.

दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत तो माणूस उतरला. सदरा खांद्यावर लोंबू लागला. आधी कताईतल्या धुळीचं जुनं दुखणं असेल म्हणाला, मग काही म्हणेनासा झाला. खोकताना तो धोटा बाजूला ठेवून मान वळवी, आणि मग भोक फडक्यानं पुन्हापुन्हा पुशी. ते मला बघवत नव्हतं, म्हणून मी दुसरीकडे बघे. त्याच सुमारास मामा दुसऱ्या पाळीत मागापाशी कोसळला. तोंडातून रक्त आलं ते खातंभर सगळ्यांनी बघितलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

उरलं नव्हतं असं मला वाटलं. पण कोष्टीपुऱ्यानं दोन दिवसांत त्यावर उपाय काढला. तो माणूसही खोकतो आहे हे कोणाच्या तरी लक्षात आलं, आणि लगेच सगळा हिशेब उलटा मांडला गेला. म्हाताऱ्यानं मोठ्या मनानं त्याच्या उष्ट्याला तोंड लावलं आणि त्यानं रोग दिला. आधी बाटवलं, मग मारलं. ज्यांनी दोन वर्षांमागे मामाची तंबाखू नाकारली होती तेच हे बोलत होते, आणि बोलताबोलता त्यांना ते खरं वाटू लागलं होतं. वडील पंचही तसंच म्हणाले. मी मूग गिळून बसलो.

तो माणूस रेल्वेनं वर्ध्याला गेला, छातीचा फोटो काढून आला. दुसऱ्या दिवशी त्यानं मास्तरच्या टेबलावर बिल्ला ठेवला. कोणी काढलं नव्हतं त्याला. मास्तरनं सांगितलं, रजा घे, बघू. तो म्हणाला, मी धोट्याला तोंड लावू शकत नाही. इतकी भांडून मिळवलेली जागा तो सोडून गेला आणि जाताना त्यानं धोटे धुऊन ओळीनं ठेवले होते.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी तो आमच्या दारी आला. कोष्टीपुऱ्यात तो कधी आला नव्हता. ओट्यापासून चार हात लांब उन्हात उभा राहिला. मी बस म्हणालो, तो बसला नाही. आत बाळ रडत होतं, ते ऐकून तो आणखी एक पाऊल मागे सरकला. मला वाटलं, याला कळलं. माझी पाचावर धारण बसली. मी उत्तरं जुळवू लागलो.

"भाऊ, मामाले तर साधा तंबाखूचा खोकला होता," तो म्हणाला. "तुमीच सांगतलं होतं. मंग हे माह्याच तोंडातून गेलं त्यायले. मले मालूम नोतं, नाई तं मी हात लावला नसता. त्यायले सांगजा का मी जानूनबुजून नाई केलं."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. उन्हानं त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि तो पुसायलाही तो हात तोंडाजवळ नेत नव्हता. मी म्हणालो, सांगतो. तो हात जोडून गेला.

मी तसाच मामाकडे गेलो. मामा बाजेवर पडून होता. त्याला मी जे ऐकलं ते सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. तेवढाच प्रामाणिकपणा माझ्याकडून झाला, कारण ते ऐकलेलं मला एकट्याला पेलवलं नाही, कोणावर तरी टाकायचं होतं. मामानं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. कोनाड्यात ती बाटली तशीच होती. मग तोंड न वळवता बोलला.

"त्याले खरं सांगून ये. आत्ताच जा. मले हे घेऊन मरायचं नाई."

मी निघालो. रूळ ओलांडले, वस्तीत शिरलो. त्याचं घर विचारावं लागलं. तो अंगणात निंबाच्या सावलीत बाजेवर बसला होता. त्याची बायको चुलीवर त्याची ताटली उकळत होती. मुलगी लांब उंबऱ्यावर पाटी घेऊन बसली होती. बापाकडे यायला तिला बंदी होती, आणि ती पाटी उंच धरून त्याला अक्षरं दाखवत होती. मला बघून तो धडपडत उठला. बायकोनं पदर सावरला. मी काही बोलायच्या आधी त्यानं विचारलं.

"मामा काय म्हनले?"

मी रस्ताभर वाक्यं घोकत आलो होतो. ती सगळी माझ्या तोंडात होती. त्याच्या तोंडावर इतकी आशा होती, की माझी जीभ जी पहिली सोपी वाट दिसली तिकडे वळली.

"मामाचा तुझ्यावर राग नाई," मी म्हणालो.

तो बाजेवर बसला आणि रडला. मोठ्या माणसानं रडावं तसं, आवाज न करता. त्याची बायको माझ्यासाठी पाणी घेऊन आली. मी ते पाणी प्यायलो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या वस्तीतलं पाणी प्यायलो, आणि मला त्याचंही काही तरी वाटलं. मी काही मोठं करतो आहे असं. इतका मी हलका माणूस होतो.

परत आलो तेव्हा मामा उठून बसला होता. मामीला त्यानं बाहेर पाठवलं होतं.

"सांगतलं?"

"सांगतलं."

"काय म्हनला तो?"

मी कोनाड्याकडे बघत म्हणालो, "म्हनला, मामावर राग नाई."

मामानं डोळे मिटले. त्याचा चेहरा कितीतरी महिन्यांनी सैल झाला. मग त्यानं कोनाड्यातली ती बाटली मागितली. काढा केव्हाच आंबून गेला होता, वास येत होता. मी नको म्हणालो तरी त्यानं बूच काढून एक घोट घेतला आणि बाटली उशाशी ठेवली.

तो माणूस पोळ्याच्या आधी गेला. मामा दिवाळीपर्यंत राहिला. मामाच्या प्रेताबरोबर सगळं खातं आलं, पंचांनी त्याच्या अंगावर तोच सुताचा हार घातला. पलीकडे, त्या माणसाच्या मयताला, कोण गेलं होतं ते मला माहीत नाही, मी गेलो नव्हतो. त्याच्या बायकोनं पुढे कताईत झाडलोट धरली. फाटकाशी दिसली की ती मला थांबून नमस्कार करी.

मी ते धोटे नंतर खात्यात पाहिले नाहीत. कोणी म्हणालं, मास्तरनं भट्टीत टाकले. माझी छाती स्वच्छ निघाली आणि अजूनही स्वच्छ आहे. या वयात डॉक्टर त्याचं कौतुक करतात. विणाईत रुळांपलीकडचा दुसरा माणूस यायला त्यानंतर बरीच वर्षं लागली. कोणाचा अर्ज आला की वडील पंच म्हणत, मागे काय झालं ते बघितलं ना? आणि मग, घरचा माणूस गमावला म्हणून, सगळे माझ्याकडे बघत. मी मान हलवत असे.